फुटबॉलचं घर कॉटन ग्रीनला बांधा

प्रति,
मुंबई सिटी एफसीचे मालक व संचालक,
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण,
आणि राज्याचे क्रीडामंत्री

स.न.वि.वि.

एकाच पत्रावर चार पत्ते घातले आहेत, कारण संघ एकाकडे, मैदान दुसऱ्याकडे, जमीन तिसऱ्याकडे आणि धोरण चौथ्याकडे आहे. ज्याच्याकडे जावं तो उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. तीन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात दोन पानी अर्ज दिला होता. कुठलं ते सांगत नाही, तिथला शिपाई फार सज्जन माणूस होता. टेबलामागच्या साहेबांनी अर्जाचा विषय वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मुंबईत फुटबॉल बघतं कोण?" पोचेचा शिक्का तेवढा मिळाला. उत्तर अजून यायचंय. म्हणून या वेळी पत्र उघडंच ठेवतो, चारचौघांनी वाचावं म्हणून.

निमित्त १४ डिसेंबर २०२५ च्या रविवारचं. मेसी मुंबईत आला. सचिन तेंडुलकरने त्याला आपली जर्सी दिली, भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री त्याला भेटला, राज्य सरकारने त्याच मंचावरून होतकरू पोरांसाठी योजना जाहीर केली आणि हे सगळं झालं वानखेडेवर. तिकीट माझ्या आवाक्यातलं नव्हतं, घरी टीव्हीवर पाहिलं. वानखेडेवर माझा राग नाही. पण एवढा मोठा फुटबॉलपटू एवढ्या मोठ्या शहरात येतो आणि त्याला उभं करायला आपल्याकडे फुटबॉलचं एक धड मैदान नाही, हे काही केल्या घशाखाली उतरेना. लग्न आपल्या घरचं आणि मांडव शेजाऱ्याच्या अंगणात.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आलेला, मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. क्लब पुन्हा इथल्या मालकांच्या हाती आला. इंडियन सुपर लीगचं (आयएसएलचं) भवितव्यही मधले काही महिने टांगणीला होतं. अशा वेळी स्टेडियमची गोष्ट काढणारा माणूस तुम्हाला वेडा वाटेल, हे मला कळतं. पण भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या संघामागे माणसं टिकत नाहीत, हे मला त्याहून जास्त कळतं. मी स्वतः खोली सोडून गेलेला माणूस आहे.

माझा जन्म काळाचौकीच्या चाळीतला. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुढे जे अडीच लाख घरांचं झालं तेच आमचं झालं. १९९१ मध्ये खोली विकून आम्ही बदलापूर गाठलं. मी आजही मशीद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहायला रोज येतो-जातो. म्हणजे राहतो तिकडे, जगतो इकडे.

फुटबॉल वडिलांकडून आला. त्यांना कूपरेजच्या फुटबॉल मैदानाचं वेड होतं. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप तिथे व्हायचा. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो उचलला, ही गोष्ट आमच्या घरी रामायणासारखी सांगितली जायची. वडील व्हीटीला उतरून मला चालवत न्यायचे, बसचे पैसे शेंगदाण्यात घालायचे. टाटा, मफतलाल, महिंद्रा, एअर इंडिया, ऑर्के मिल्स या आमच्या लेखी कंपन्या नव्हत्या, संघ होते. २०००-०१ च्या मोसमानंतर रोव्हर्स कप बंद पडला. वडील तोवर बदलापूरला खिळले होते. बातमी कळल्यावर ते "बरं" एवढंच म्हणाले.

खेळायचो मात्र कॉटन ग्रीनला. काळाचौकीतून पूल ओलांडला की पलीकडे बंदराची हद्द, गोदामांच्या रांगा. रविवारी ट्रक नसायचे. एका गोदामाच्या लोखंडी दारावर खडूने चौकट मारली की झाला गोल. बॉल दारावर बसला की ढण्ण असा आवाज यायचा. आवाज आला तर गोल, नाही आला तर नाही. भांडण नाही. व्हीएआर, म्हणजे गोल झाला की नाही ते व्हिडिओवर तपासायची सोय, आमच्याकडे १९८३ सालीच होतं. वाटेत गहू सांडलेला असायचा आणि कबुतरांचा थवा मिडफिल्डमध्ये बसलेला असायचा. कॉर्नर मारायच्या आधी एकाने ओरडून ती उडवायची, हा नियम होता.

हे एवढं सांगितलं ते माझा यात जीव का अडकलाय ते कळावं म्हणून. आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार अशी की, आमचा संघ कायमचा पाहुणा आहे. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा. पुण्याच्या संघाला ५-० ने हरवलं त्या पहिल्या घरच्या सामन्यात आंद्रे मॉरित्झने हॅटट्रिक केली, लीगच्या इतिहासातली पहिली. २०१६ मध्ये बिऱ्हाड अंधेरीच्या क्रीडासंकुलात हललं. करोनाच्या काळात सगळी लीगच गोव्यात गेली. मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याला बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि आम्ही पहिल्यांदा करंडक जिंकला, तेव्हा स्टँडमध्ये चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्यांदा जिंकला तो मे २०२४ मध्ये, कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात. म्हणजे दोन वेळा करंडक आला आणि दोन्ही अंतिम सामने मुंबईबाहेर. त्याला कोणाचा इलाज नव्हता, मान्य. पण मुंबईकराच्या डोळ्यासमोर एक आठवणीची जागा उभी राहायला हवी ना! "तो गोल त्या टोकाला झाला होता" असं पोराला बोट करून सांगायला जागा लागते.

दुसरी तक्रार आकाराची. डी. वाय. पाटील देखणं आहे, पण ते क्रिकेटच्या वर्तुळाचं आहे. चौकोनी खेळ गोल ताटात वाढलाय. कॉर्नरला कोण उभा आहे हे पाठीवरचा नंबर बघून ओळखावं लागतं. शिवाय ते खासगी आहे. तिथे आयपीएल, कोल्डप्लेचे कार्यक्रम, महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना असं सगळं होतं आणि व्हावंही; भारताच्या पोरी तिथे जगज्जेत्या झाल्या तेव्हा मीही टाळ्या पिटल्या. पण त्या वेळापत्रकात फुटबॉलने मधल्या फटीत बसायचं. उलट अंधेरीचं मैदान फुटबॉलचं, जवळून खेळ दिसतो, खेळाडूने शिवी दिली तरी ऐकू येते. पण तिथे बसतात सात-आठ हजार. म्हणजे एक आमच्या मापापेक्षा ढगळ आणि दुसरा अंगात न शिरणारा, असे दोन सदरे आहेत आणि दोन्ही उसने.

अंधेरीचं मैदान काय करू शकतं हे मी जून २०१८ मध्ये पाहिलंय. इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं तेव्हा प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, "शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या." दोन दिवसांनी, ४ जूनला, केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता आणि तिकीट मिळेना. आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि पाऊस तर असा कोसळत होता की समोरचा गोलपोस्ट अधूनमधून दिसेनासा व्हायचा. तिकीट भिजू नये म्हणून मी ते रेल्वेच्या पासाच्या प्लास्टिकमध्ये घातलं होतं. तीन गोल झाले. एकही माणूस उठला नाही. तेव्हा "बघतं कोण?" या प्रश्नाचं उत्तर मी त्या साहेबांना ओलं तिकीट दाखवून देऊ शकलो असतो, पण ते मी देवघरात ठेवलंय.

तिसरी तक्रार सांगताना मला अजून हसू येतं आणि रागही येतो. एप्रिल २०२२ मध्ये आपला संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून आला. त्या पातळीवर सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. पुढच्या वेळी, २०२३ मध्ये, घरचे सामने खेळायची संधी आली, तर अंधेरीचं मैदान आशियाई फुटबॉल महासंघाच्या निकषांत बसेना. घरचा सामना ठरला पुण्यात, बालेवाडीला. तारीख १८ सप्टेंबर. कॅलेंडर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मुंबईच्या संघाचा मुंबईचा सामना हरतालिकेच्या रात्री पुण्यात!

आम्ही अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. घरातून निघताना बायको म्हणाली, "पाट मांडलाय, मखराचा दिवा लागत नाहीये, आणि तुम्ही पुण्याला?" एक्स्प्रेसवेवर मुंबईहून गावी निघालेल्या गाड्यांची रांग, टपांवर मखरं बांधलेली. इराणच्या नस्साजी माझंदरानने आम्हाला ०-२ हरवलं. परतीच्या वाटेवर कोणी बोलत नव्हतं. पहाटे घर गाठलं, आंघोळ केली आणि तसाच मूर्ती आणायला गेलो. कारखान्यातल्या पोराने विचारलं, "काका, रात्रभर सजावट का?" मी हो म्हणालो. नोव्हेंबरमध्ये सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना मात्र नेरुळला आणला गेला. त्यांचा नेमार जखमी होता, आला नाही, तरी लोक लोटले. म्हणजे माणूस आहे. जवळ जागा दिली की येतो.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. मैदान कसं असावं यावर तुमच्याकडे वास्तुविशारद असतील, खुर्च्यांचे रंगही ठरतील. पण ते कुठे असावं, हे ठरवताना माझ्यासारख्याच्या हातातला रेल्वेचा पास बघा.

रात्री आठचा सामना दहाच्या सुमारास सुटतो. अंधेरीहून मी मेट्रोने घाटकोपरला येतो, तिथून कर्जत किंवा बदलापूर गाडीची वाट बघतो. घरी पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. नेरुळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, मग पुढे. विरारचा माणूस नेरुळहून कसा जातो, त्याला विचारा. मी सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला उठणारे बाप पाहिलेत, मांडीवर पोर झोपलेलं, एक डोळा मैदानावर आणि एक मोबाइलमधल्या रेल्वेच्या वेळापत्रकावर. ही माणसं संघाशी बेइमान नाहीत, त्यांना फक्त शेवटची गाडी चुकवायची नाहीये.

कोल्हापूरकडे बघा. तिथे आयएसएलचा संघ नाही, जाहिराती नाहीत, नटनट्या नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियम शहराच्या पोटात आहे. दुपारचं जेवण आटोपून माणूस पेठेतून चालत जातो आणि मैदान भरतं. तिथल्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरचं वेड मोठं आहे हे खरंच, पण ते वेड घरापासून वीस मिनिटांवर आहे, हेही विसरू नका.

क्रिकेटलाही हेच समजलं होतं. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या तिकिटांवरून त्याचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचं बिनसलं, तेव्हा असोसिएशनच्या शेषराव वानखेड्यांनी रुसून शहराबाहेर जागा नाही शोधली. हाकेच्या अंतरावर, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधोमध, रुळाला चिकटून स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे कसोटी खेळवलीसुद्धा. तिकिटांच्या भांडणातून एवढं होऊ शकतं, तर आमच्या पन्नास वर्षांच्या वाट बघण्यातून काहीच का होऊ नये?

म्हणून माझी मागणी अशी. मुंबईच्या संघाचं स्टेडियम कॉटन ग्रीन परिसरातल्या बंदराच्या जमिनीवर बांधा.

मी तिथला आहे म्हणून म्हणतोय असा आरोप होईल. होऊ दे. पण नकाशा काढा. हार्बर मार्ग वडाळ्याला फुटतो, एक फाटा वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे, दुसरा कुर्ला-वाशी-पनवेलकडे. सीएसएमटीकडे येताना दोन्हीकडच्या गाड्या कॉटन ग्रीनला थांबतात. म्हणजे अंधेरीतला आजचा प्रेक्षक गाडी न बदलता येतो आणि नेरुळचाही गाडी न बदलता येतो. मध्य रेल्वेवाला कुर्ल्याला गाडी बदलतो किंवा माझ्यासारखा करी रोड-चिंचपोकळीला उतरून काळाचौकीतून चालत येतो. पाय धडधाकट असतील तर पंचवीस मिनिटं. रस्त्याने येणाऱ्यांना ईस्टर्न फ्रीवे आहे, शिवडीला अटल सेतू उतरतो. पश्चिम उपनगरं, पूर्व उपनगरं आणि नवी मुंबई, तिघांनाही सारखीच सोयीची (किंवा सारखीच गैरसोयीची म्हणा) अशी दुसरी जागा मला तरी दिसत नाही.

बंदराच्या जमिनी मुंबईकरांसाठी खुल्या करायच्या, हे गेली दहा-बारा वर्षं ऐकतोय. आराखड्यांत बागा, मरिना, क्रूझ, कार्यालयं सगळं असतं. गिरण्यांच्या जमिनींच्या वेळीही आराखडा छान होता. एक भाग मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. मग २००१ मध्ये नियमाची व्याख्या बदलली (वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची), २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, आणि मोकळी जागा किती उरली ते परळच्या पुलावर उभं राहून कोणीही बघावं. आमच्या बापांनी जिथे साचे चालवले तिथे आज मॉल आहेत. त्यात जाऊन मीही शर्ट घेतो, सोवळा नाही. पण दुसऱ्यांदा तीच गोष्ट बंदराच्या जमिनीची होऊ नये.

आता इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची एक गोष्ट. आमच्या त्या परिसराचं नाव कॉटन ग्रीन का? कापसाचा बाजार आधी कुलाब्याला होता, तो तिथून इकडे आणला म्हणून. आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिथला कापूस थांबला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो जहाजांनी लिव्हरपूलला जायचा. त्याच लिव्हरपूलमधला एव्हर्टन क्लब १८९२ पासून गुडिसन पार्कवर खेळत होता. मैदान जुनं झालं, नवं हवं होतं. एकदा त्यांनी शहराच्या हद्दीबाहेर कर्कबीला जायचं ठरवलं. समर्थकांनी आमचा संघ आमच्या शहरातच राहिला पाहिजे म्हणून चळवळ केली आणि २००९ मध्ये सरकारने तो प्रस्ताव नाकारला. शेवटी स्टेडियम बांधलं ते मर्सी नदीकाठी, ब्रॅम्ली-मूर नावाच्या जुन्या गोदीत. २०२५ मध्ये तिथे खेळ सुरू झाला. पन्नास हजारांवर माणसं बसतात, गोदीची जुनी भिंत अजून आहे. ज्या बंदरात आमचा कापूस उतरायचा त्या बंदरात मैदान झालं, आणि ज्या बंदरातून तो चढायचा तिथे कबुतरं.

तिथे सगळं आलबेल झालं असं नाही. त्या शहराचा जागतिक वारशाचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेतला गेला, आणि त्याच्या कारणांत नदीकाठच्या नव्या बांधकामांबरोबर या स्टेडियमचंही नाव होतं. जवळचं स्टेशन सामन्यानंतर कमी पडतं. त्यांच्या चुका आपण फुकटात शिकू शकतो, म्हणून सांगितलं.

आमच्याकडेही आक्षेप येतील. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि लीगचा मोसमही हिवाळ्यातच असतो. म्हणून माझं म्हणणं, खाडीच्या कडेला नको, रुळाच्या कडेला बांधा. पाण्यात भर टाकून इंचभरही जमीन काढू नका, खारफुटीला हात लावू नका, आणि दिव्यांचा झोत मैदानात राहील असे खांब लावा. दुसरा आक्षेप वस्त्यांचा. बंदराच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या माणसं राहतात, काम करतात. फुटबॉलसाठी कोणाचं घर पाडलेलं मला पाहवणार नाही. रिकामी गोदामं आधी बघा. एखादं घर हलवावंच लागलं तर त्याच वॉर्डात, बांधून दिल्यावर हलवा. मला बदलापूरला पाठवलं तसं नको.

तिसरा आक्षेप त्या साहेबांचाच, स्टेडियम रिकामं राहील. चाळीस-पन्नास हजारांचं बांधलंत तर नक्की राहील! मला स्वप्नं पडतात, पण मी हिशेब लिहून पोट भरतो. आपल्या लीगच्या साध्या सामन्याला किती लोक येतात ते मला दिसतं. पंधरा हजारांचं बांधा, पुढे वीस-पंचवीस हजारांपर्यंत वाढवता येईल असा पाया घाला. भरलेलं पंधरा हजारांचं मैदान अर्ध्या रिकाम्या पन्नास हजारांपेक्षा जास्त गरजतं.

"अंधेरीचंच मोठं करा" असंही कोणी म्हणेल. करा, तातडीने करा, नवं उभं राहीपर्यंत आशियाई सामने पुन्हा पुण्याला जाऊ नयेत एवढं तरी करा. पण त्या संकुलाभोवती वस्ती इतकी दाटलीय की ते फार फुगणार नाही. कूपरेजचंही तेच. जिव्हाळ्याचं मैदान आहे, ते स्थानिक लीगसाठी, पोरांसाठी जपा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तर नकोच नको, तिथली मोकळी हवा तशीच राहू द्या.

आता नेमकं काय हवंय ते चौघांना वेगवेगळं सांगतो, म्हणजे बोटं दाखवायला जागा उरणार नाही.

बंदर प्राधिकरणाने कॉटन ग्रीन ते वडाळा या पट्ट्यात, स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या चालण्यात बसणारा एक भूखंड खेळासाठी राखून ठेवल्याचं लेखी जाहीर करावं. जमीन विकायची नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, आणि तो करार मराठीत सगळ्यांना वाचायला ठेवायचा.

महापालिकेने आधी फूटपाथ, पूल आणि शौचालयं यांचा आराखडा करावा, मग स्टेडियमला परवानगी द्यावी. क्रम उलटा झाला की काय होतं ते एल्फिन्स्टनच्या पुलावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चेंगराचेंगरीत २३ जणांनी जीव गमावून दाखवलंय. पंधरा हजार माणसं एका वेळी कॉटन ग्रीनच्या आजच्या जिन्यांवर सोडता येणार नाहीत. हे मी माझ्याच मागणीविरुद्ध बोलतोय, पण खरं आहे.

क्लबच्या मालकांनी तिथे फक्त फुटबॉलचं मैदान बांधायला पैसा उभा करावा. धावपट्टी नको, क्रिकेटची सोय नको. पहिली रांग टचलाइनपासून इतकी जवळ हवी की थ्रो-इन करणाऱ्याला "जागा दे रे" म्हणता यावं. सर्वसाधारण स्टँडचं तिकीट मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा स्वस्त हवं. आणि शेजारी दोन छोटी मैदानं अशी ठेवा की सामना नसेल त्या दिवशी काळाचौकी, शिवडी, वडाळा, दारूखान्याची पोरं आणि पोरी फुकट खेळतील. २०२२ चा महिलांचा आशियाई चषक आपल्या राज्यात झाला, पण त्या मुलींना सरावाला मैदान कुठे आहे, हे एकदा त्यांच्या प्रशिक्षकांना विचारा. वांद्र्याच्या मैदानाला नेव्हिल डिसूझाचं नाव आहे. त्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. नाव देणं आपल्याला छान जमतं.

क्रीडामंत्र्यांनी उरलेल्या तिघांना एका टेबलावर बसवावं आणि रेल्वेलाही बोलवावं. विसर्जनाला, ३१ डिसेंबरला रेल्वे रात्री जादा गाड्या सोडते. सामन्याच्या रात्री हार्बरवर दोन आणि मुख्य मार्गावर एक जादा गाडी सोडली तर ऐंशीव्या मिनिटाला कोणी उठणार नाही. आणि बैठकीत एक खुर्ची प्रेक्षकाची असू द्या. माझीच असं नाही. गोरेगावचा, पनवेलचा, विरारचा, कोणीही चालेल, फक्त तो गाडीने आलेला असावा.

चौघांनाही एक निमंत्रण देतो. येत्या कुठल्याही रविवारी सकाळी आठ वाजता कॉटन ग्रीन स्टेशनवर उतरा. मी तिकीटखिडकीजवळ उभा असेन, निळी जर्सी घालून. पूल ओलांडून गोदामांपर्यंत चालत जाऊ, किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजू. ते लोखंडी दार अजून तिथेच आहे, गंजलंय. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा त्यावर कोणीतरी खडूने चौकट काढलेली होती.

या पत्राचं उत्तर द्यावं ही विनंती. साध्या टपालाने पाठवलंत तरी चालेल.

आपला,
काळाचौकीचा जुना रहिवासी,
मुक्काम बदलापूर